खारघरचं आमचं कॉलेज आता युनिव्हर्सिटी झालंय: माजी विद्यार्थी मेळावा आणि कॅम्पसचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापले ते खाली येईलच. हा रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे कारण या कॅम्पसबद्दल ऑनलाइन जे सापडतं ते एकतर 'नाइस कॅम्पस' एवढंच असतं नाहीतर फीवरून भांडण. चार वर्षं तिथे काढलेल्या आणि आता परत जाऊन बघितलेल्या माणसाने काही लिहिलेलं मला तरी मिळालं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

नाव लिहीत नाहीये. खारघरमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजं बरीच आहेत आणि जे आमच्यात शिकलेत ते ओळखतीलच. मी २००२ ते २००६, इलेक्ट्रॉनिक्स, डिग्री मुंबई विद्यापीठाची. तेव्हा एक मेन बिल्डिंग, मागे एक वर्कशॉप, पत्र्याची कॅन्टीन आणि एक ग्राउंड एवढंच होतं सगळं. आता ते स्वतःच विद्यापीठ आहे, फार्मसी आहे, मॅनेजमेंट आहे, लॉ आहे, डिझाईन आहे, सात-आठ मजल्यांच्या बिल्डिंगा आहेत आणि हॉस्टेल तर एवढं मोठं की आधी मला वाटलं शेजारची सोसायटीच आहे.

पोचण्याबद्दल आधी सांगते कारण बऱ्याच जणांनी तेच विचारलंय. ठाण्याहून येणाऱ्यांनी सरळ ठाणे-पनवेल लोकल धरायची. मेट्रोने जायचं असेल तर बेलापूरला उतरा, खारघर स्टेशनपर्यंत जाऊ नका, कारण मेट्रो बेलापूरहून सुटते आणि खारघर स्टेशनला लागतच नाही, उत्सव चौक, सेंट्रल पार्क करत पेंधरला जाते. अकरा स्टेशनं आहेत, गर्दी नाही, एसी मस्त. बाहेरगावी असलेल्या लोकांना हे माहीत नसतं, आमच्या ग्रुपमधले दोघं खारघरला उतरून मेट्रो शोधत होते.

आता हे वाचताना सोपं वाटतं पण २००२ ला मी नौपाड्यातून निघायचे तेव्हा ठाण्याहून खारघर म्हणजे सेंट्रलने कुर्ला, तिथे पूल चढून हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, मग पनवेल गाडी, आणि मानखुर्द सोडून गाडी खाडीवर आली की तेव्हा कुठे हात हलवायला जागा. खाडीच्या या टोकाला ठाणं त्या टोकाला आम्ही, आणि जायचं मात्र अख्खी मुंबई फिरून. नाहीतर मग ठाणे-बेलापूर रोडची बस, ती एमआयडीसीतून जायची आणि रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत केमिकलचा वास नाकात बसायचा तो दुसऱ्या लेक्चरपर्यंत जायचा नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर सुरू झाली तेव्हा आम्ही थर्ड इयरला होतो. त्या गाडीने आमचं आयुष्य बदललं असं मी आजही म्हणते. सकाळी जास्तीची झोप मिळायला लागली, आणि माझ्या वर्गातल्या कळव्याच्या एका मुलीला घरच्यांनी 'एवढं लांब नको' म्हणून कॉलेज सोडायला लावायचं ठरवलं होतं, ते त्या गाडीमुळे टळलं. लोक म्हणतात कॉलेज लॅबने आणि प्रोफेसरने मोठं होतं, मी म्हणते आधी गाडी यावी लागते.

मेळाव्यात आमच्या टेबलावर तीन पिढ्या बसल्या होत्या आणि मला दिवसभरातलं सगळ्यात आवडलं ते हेच. एक ताई १९९५ च्या ॲडमिशनवाल्या. त्यांच्या वेळी गाडी बेलापूरपर्यंतच यायची, पनवेलपर्यंत रेल्वे गेली १९९८ ला, त्यामुळे बेलापूरला उतरायचं आणि हायवेवरून जे मिळेल ते, एसटी, टेम्पो, नाहीतर चालत. पावसाळ्यात चप्पल हातात. दुसरी मी. तिसरा माझा मामेभाऊ, २०१३ ते २०१७, त्याची चारही वर्षं मेट्रोच्या खांबांखालून गेली. काम सुरू झालं २०११ ला आणि मेट्रो धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे त्याच्या अख्ख्या बॅचने फक्त खांब बघितले, त्यावरून धावणारी गाडी त्यांच्या नशिबात नव्हती. तो त्या दिवशी मुद्दाम पेंधरपर्यंत जाऊन परत आला आणि मग कॅम्पसला आला.

गंमत अशी की तिघांनाही 'पूर्वीचं कॅम्पस राहिलं नाही' असं वाटत होतं, आणि पूर्वीचं म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. मामेभाऊ बास्केटबॉल कोर्टासाठी हळहळत होता, जे माझ्या वेळी नव्हतंच, तिथे आम्ही वडाखाली बसायचो, आणि तो वड म्हणे ताईंच्या वेळी त्यांच्या गुडघ्याएवढा होता. वड आता नाही, कोर्टही नाही, तिथे ॲडमिन ब्लॉक आहे. ताई मात्र आम्हा दोघांवर वैतागल्या. म्हणाल्या, "अगं चिखलात उभं राहून फॉर्म भरलेत आम्ही, पंखा नव्हता वर्गात, कशाला एवढं गहिवरताय?" आणि त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे हा रिव्ह्यू लिहिताना मी ठरवलंय की फक्त माझ्या आठवणीतलं गेलं म्हणून स्टार कापायचे नाहीत. आज तिथे जी मुलं शिकतायत त्यांना काय मिळतंय यावर मार्क द्यायचे.

तर त्या हिशोबाने लॅबला पूर्ण मार्क. आमच्या वेळी एका सीआरओवर (सिग्नल बघायचा जुना स्कोप) चार जण, त्यातला एक प्रोब तुटका, आणि ज्याच्या हातात तो प्रोब त्याचंच प्रॅक्टिकल व्हायचं, बाकीच्यांनी रीडिंग उतरवून घ्यायची. मायक्रोप्रोसेसरला ८०८५ चे किट, त्यांची बटणं इतकी दाबून दाबून गेलेली की दोन हा आकडा टाकायला नखाने दाबावं लागायचं. आता प्रत्येक बेंचला डिजिटल स्कोप आहे, पीसीबी बनवायचं मशीन कॅम्पसमध्येच आहे (आम्ही त्यासाठी लॅमिंग्टन रोडला जायचो), थ्रीडी प्रिंटर आहेत. आणि नुसतं शोभेला ठेवलेलं नाही. सेकंड इयरची एक मुलगी आम्हाला फिरवत होती, तिने स्वतः बनवलेला बोर्ड दाखवला, त्यात काय चुकलं होतं आणि दुसऱ्यांदा कसं सुधारलं ते सांगितलं. सेकंड इयरला असताना मला सोल्डरिंग गन नीट धरता येत नव्हती. तिचं बोलणं ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला, अर्थात तिला विचारून.

लायब्ररी सगळ्यात भारी. पूर्वी खिडकीवर चिठ्ठी द्यायची, आतले काका पुस्तक आणून देणार, ते बाहेर गेलेलं असलं तर दुसरी चिठ्ठी, आणि कार्डं दोनच. कपाटापर्यंत जायची परवानगीच नाही, त्यामुळे कुठलं पुस्तक आहे हे पुस्तक मागितल्याशिवाय कळायचं नाही. आता सगळं उघडं, हवं ते हातात घ्या, चाळा. रीडिंग हॉल रात्री बारापर्यंत चालू असतो, आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून खारघरचा अख्खा डोंगर दिसतो, पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा पण. १०७ मीटरचा धबधबा अभ्यासाच्या टेबलावरून दिसतोय अजून काय पाहिजे सांगा. माजी विद्यार्थ्यांना वर्षाचे पंधराशे भरून इथे बसता येतं. ज्यांच्या घरी जागा नाही, ज्यांना एमपीएससी किंवा गेट परीक्षेचा अभ्यास करायचाय, त्यांनी डोळे झाकून घ्या हे कार्ड, बाहेरच्या अभ्यासिकांपेक्षा स्वस्त पडतं.

आता एक विषय जो कुठल्याच रिव्ह्यूत नसतो आणि माझ्या मते सगळ्यात आधी असायला हवा. मुलींची टॉयलेट. आमच्या मेन बिल्डिंगला चार मजले आणि मुलींसाठी टॉयलेट एक, तळमजल्यावर, तेही वर्कशॉपच्या बाजूला, कडी मोडलेली. एक जण आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. प्रॅक्टिकल तीन तासांचं असलं की आम्ही सकाळपासून पाणी प्यायचो नाही, आणि हे मी एकटीचं सांगत नाहीये, आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली असंच करायच्या, दोघींना तर त्यापायी युरिन इन्फेक्शन होऊन परीक्षेत ताप आला होता. पाळीच्या दिवसांत तर सरळ दांडी. मग अटेंडन्स कमी भरला की एचओडीसमोर उभं राहायचं आणि कारण काय सांगायचं? तेव्हा कोणाला बोलायची सोयच नव्हती. मेकॅनिकलला तर अख्ख्या वर्गात मुली तीन होत्या.

परवा मी मुद्दाम प्रत्येक मजल्यावर जाऊन बघितलं. प्रत्येक मजल्यावर आहे, कड्या आहेत, पाणी आहे, पॅडचं मशीन आहे आणि ते चालू आहे, कचऱ्याचा डबा झाकणवाला आहे. रॅम्प आहे, लिफ्ट आहे. अंतर्गत तक्रार समितीचा बोर्ड नावं आणि नंबरसकट लावलेला आहे, कोपऱ्यात नाही तर जिन्यासमोर. आणि मेकॅनिकलच्या वर्गात डोकावले तर मुली भरपूर दिसल्या. हे सगळं बघताना माझ्या बरोबरची मैत्रीण आणि मी काही बोललोच नाही थोडा वेळ, दोघींच्या डोक्यात एकच होतं. कोणी म्हणेल बिल्डिंगा वाढल्या, काँक्रीट वाढलं, जुना माहोल गेला. माहोल गेला तर गेला. आजच्या मुली दिवसभर पाणी पितात.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मेळाव्याची नोंदणी सातशे रुपये, त्यात नाश्ता, जेवण, चहा आणि एक टीशर्ट. जेवण बुफे, पनीर आणि गुलाबजाम जसे सगळीकडे असतात तसे, मसालेभात मात्र चांगला होता. पत्र्याच्या कॅन्टीनच्या जागी फूड कोर्ट आलंय, स्वच्छ आहे, पिण्याच्या पाण्याचे फिल्टर ठिकठिकाणी आहेत. वडापाव अजून मिळतो. टीशर्टची साईज नोंदणीच्या वेळी एक मोठी टाका, छोटे येतात.

अल्युमनाय ऑफिसची सर्व्हिस अपेक्षेपेक्षा खूप चांगली निघाली. ईमेलला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, माणूस फोन उचलतो, नीट बोलतो. एक गोष्ट मात्र जुन्या बॅचनी लक्षात ठेवा: आपली डिग्री मुंबई विद्यापीठाची आहे, कॉलेज नंतर स्वतंत्र विद्यापीठ झालं म्हणून आपलं ट्रान्सक्रिप्ट इथून निघत नाही, त्यासाठी मुंबई विद्यापीठाकडेच अर्ज करावा लागतो, कलिना कॅम्पसला परीक्षा भवन आहे तिथलं. कॉलेजकडून फक्त बोनाफाइड, सिलॅबसची कॉपी वगैरे मिळतं. कॅनडाची तयारी करणाऱ्या माझ्या एका ज्युनिअरला हे अल्युमनाय ऑफिसनेच नीट समजावून सांगितलं, कुठली मार्कशीट लागेल, कुठल्या क्रमाने लावायची, सगळं. त्यामुळे त्या लोकांना माझ्याकडून पूर्ण मार्क.

मग दीड स्टार कुठे गेले? दोन्ही गेटवर गेले. एक खरं लोखंडी गेट आणि दुसरं ॲडमिशनचं.

लोखंडी गेटचं आधी. आता आत जायला मोबाइलवर क्यूआर येतो, मग ओटीपी, मग ओळखपत्र, मग बॅग स्कॅन. गार्ड सभ्य आहेत, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. हॉस्टेलला हजारो पोरं-पोरी राहतात तर सिक्युरिटी पाहिजेच, मी स्वतः आई आहे, मला ते पटतं. मला खटकलं ते ग्राउंडचं. ग्राउंड हॉस्टेलपासून लांब आहे, डोंगराच्या बाजूला, आणि त्याला स्वतःचं वेगळं गेट होतं जे गावाच्या रस्त्याला उघडायचं. ते गेट बंद करून भिंत घातलीये, वर काटेरी तार.

हे का खटकलं ते सांगायला मला २६ जुलै २००५ वर यावं लागेल. मंगळवार होता. फायनल इयर नुकतं सुरू झालेलं, प्रोजेक्टचे ग्रुप ठरत होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं, आम्हाला फक्त एवढं दिसत होतं की समोरचा डोंगर दिसेनासा झालाय आणि ग्राउंडवर तळं झालंय. दुपारनंतर गाड्या बंद, मोबाइल बंद, हायवेवर पाणी. आम्ही पन्नास-साठ जण कॉलेजात अडकलो, त्यात मुली पंधरा-वीस, लाइट गेलेली, कॅन्टीनवाला सकाळीच निघून गेलेला. संध्याकाळी अंधार पडताना गावातली माणसं त्या ग्राउंडच्या गेटमधून आत आली. कमरेएवढ्या पाण्यातून. बायका होत्या, तरुण पोरं होती, कोणीतरी कंदील आणलेला. मुलींना त्यांनी घरी नेलं. मी ज्या घरी गेले तिथल्या काकींनी कपाटातून कोरडी साडी काढून दिली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण, आणि मी संकोचले तशी म्हणाल्या, "लाजू नको बाय, जेव." आम्ही ब्राह्मणाघरच्या दोघी होतो, बोंबील कधी खाल्ला नव्हता, त्यांनी न बोलता आमच्यापुरतं वरण टाकलं. मुलगे शाळेच्या वर्गात झोपले, त्यांनाही जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरल्यावर गावातल्या पोरांनीच आम्हाला हायवेपर्यंत सोडलं. माझ्या आई-बाबांना दीड दिवस माझा पत्ता नव्हता, आणि मी त्या दीड दिवसात एकदाही घाबरले नाही ते त्या घरामुळे.

आणि ही माणसं कोण? नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० मध्ये आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनी गेल्या, शेती गेली, मिठागरं गेली, त्याच गावांपैकी हे एक. आगरी वस्ती. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्याचे प्लॉट मिळायला किती वर्षं भांडावं लागलं ते नवी मुंबईतल्या कोणालाही विचारा. ज्या जमिनीवर आपली युनिव्हर्सिटी उभी आहे तिच्यावर यांच्या आज्या-आजोबांनी भात लावलाय. कॉलेजला पहिल्या दिवसापासून माळी, शिपाई, लॅब अटेंडंट याच गावातून आले. गेटबाहेरचं झेरॉक्सचं दुकान गावातल्याच काकांचं होतं, जर्नल उधारीवर द्यायचे आणि ओरल संपल्यावर पैसे घ्यायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री अकरापर्यंत उघडं ठेवायचे. आता सबमिशन ऑनलाइन आणि मेन गेट पलीकडच्या रस्त्याला गेलं, त्यामुळे दुकान बंद झालंय. याला काही इलाज नाही, कागद कमी झाला हे बरंच झालं. पण ग्राउंडला इलाज आहे.

आमच्या वेळी रोज संध्याकाळी पाचनंतर गावातली पोरं आणि कॉलेजची पोरं एकत्र टेनिस बॉलने खेळायची. कोणाची परवानगी लागायची नाही. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये जो ओपनिंग बॉलर होता तो गावातल्या पोरांविरुद्ध खेळून खेळून तयार झालेला. आता सेक्टरमधले मोकळे प्लॉट सगळे भरले, जिथे बघावं तिथे टॉवर, सेंट्रल पार्क आहे पण तिथे क्रिकेट कुठे खेळणार. आणि हे एवढं मोठं ग्राउंड, टर्फ केलेलं, फ्लडलाइट लावलेलं, मी शनिवारी संध्याकाळी बघितलं तेव्हा पूर्ण रिकामं होतं. भिंतीच्या पलीकडे पोरं गल्लीत खेळत होती, बॉल आत आला तर गार्डला हाक मारायची. त्या काकी भेटल्या मला, मी मुद्दाम घरी गेले. "बाय, कवा आलीस?" म्हणत ओळखलं त्यांनी. त्यांचा नातू नववीत आहे, तो कॅम्पसच्या आत एकदाही गेलेला नाही. घर भिंतीला लागून आहे.

दुसरं गेट ॲडमिशनचं, आणि इथे मी एक पूर्ण स्टार कापलाय.

कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं तोपर्यंत सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये होतं. मेरिट लिस्ट, कॅटेगरीच्या जागा, फी किती घ्यायची त्यावर नियंत्रण, स्कॉलरशिप. माझी वर्गातली जवळची मैत्रीण उरण तालुक्यातली, वडील प्रकल्पग्रस्त, ओबीसीच्या जागेवर आली, फीमध्ये सवलत मिळाली म्हणूनच इंजिनिअर झाली. आज ती एका मोठ्या कंपनीत टीम सांभाळते आणि मेळाव्याला तिचा स्टेजवर सत्कारही झाला, शाल, श्रीफळ, सगळं. टाळ्या वाजवताना मला वाटत होतं की आज ही बारावी पास झाली असती तर इथे आली असती का?

नसती आली, हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. तिच्याच भाचीने यंदा कॅपचा फॉर्म भरला तर ऑप्शनच्या यादीत आमचं कॅम्पस नाहीच. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर त्यांची प्रवेशाची प्रक्रिया वेगळी, परीक्षा वेगळी, फी वेगळी. शिवाय जुलै २०२४ चा जीआर आहे ना, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, तो कॅपमधून ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी आहे आणि त्यातून खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. हे पालकांनी नीट वाचा, कारण ॲडमिशनच्या काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही आणि 'मुलींना फी माफ' एवढंच ऐकून लोक पैसे भरून बसतात. तिची भाची आता पनवेलच्या पुढे एका कॉलेजात जाते, रोज दोन बस बदलून, आणि आत्याचं कॉलेज बसच्या खिडकीतून बघते.

युनिव्हर्सिटीची बाजूही ऐकली मी. स्वायत्तता मिळाली म्हणून सिलॅबस पटकन बदलता येतो, त्या लॅब त्यामुळेच आल्या, रिझल्ट वेळेवर लागतात. हे खरं आहे. आम्ही एका पेपरच्या रिव्हॅल्युएशनची किती वाट बघितलीये ते आमचं आम्हाला माहीत. स्वतःची स्कॉलरशिप पण देतात, मार्कांवर. पण मार्कांवरची स्कॉलरशिप क्लास लावलेल्यांना मिळते, माझ्या मैत्रिणीसारख्या मुलीला ती मिळाली नसती, तिला बारावीला क्लासच नव्हता, ती मच्छी मार्केटमध्ये आईला मदत करून अभ्यास करायची.

मी हे सगळं शेवटच्या सेशनमध्ये माइकवर बोलले. दोन मागण्या केल्या. ग्राउंडचं जुनं गेट शनिवार-रविवार सकाळी उघडा, गावातल्या मुलांची यादी करा, कार्ड द्या, हवं तर एक गार्ड ठेवा, त्या गार्डचा पगार आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढून देऊ. आणि खारघर, तळोजा, उरण भागातल्या प्रकल्पग्रस्तांच्या मुलींसाठी दरवर्षी काही जागा फी माफ करून ठेवा, नियमात बसतं, मनावर घेतलं पाहिजे. ताईंनी सगळ्यात आधी हात वर केला, मग मामेभावाच्या बॅचची पोरं उठली. डीन मॅडम शांतपणे ऐकत होत्या, म्हणाल्या लेखी द्या, मॅनेजिंग काउन्सिलपुढे ठेवते. लेखी दिलंय, पोच घेतलीये. ग्राउंडचं व्हायला हरकत नाही असं त्या खाजगीत म्हणाल्या, जागांचं अवघड आहे म्हणाल्या.

तर जाण्यासारखं आहे का? नक्की जा, मुलांना घेऊन जा, विशेषतः मुली असतील तर लॅब आणि लायब्ररी दाखवा. मुलांच्या ॲडमिशनसाठी बघत असाल तर शिक्षण चांगलं आहे, फी झेपत असेल तर डोळसपणे घ्या, आणि कॅपवर अवलंबून असाल तर हे कॅम्पस तुमच्यासाठी सध्या नाही, वेळ घालवू नका. जुन्या बॅचच्या लोकांना एक विनंती आहे, अल्युमनाय पोर्टलवर लॉगिन केलं की खाली 'सूचना' म्हणून रकाना आहे, तिथे ग्राउंडचं गेट आणि प्रकल्पग्रस्त मुलींच्या जागा या दोन्हीबद्दल आपापल्या बॅचचं वर्ष घालून लिहा. २००५ ला जे अडकले होते त्यांनी तर लिहाच. काउन्सिलची मीटिंग दिवाळीनंतर आहे, त्याच्या आधी जेवढी नावं जातील तेवढी हवीत.